शेजाऱ्याचे पेढे घशाखाली उतरेनात तेव्हा

बातमी कुठंही गाठते. पानठेल्यावर चुना मागताना कुणीतरी सांगतं, अमक्याचा पोट्टा पोलिसात लागला. एसटीत बाजूला बसलेली बाई सांगते, पुतणीचं पुण्याला जमलं, मुलगा कंपनीत आहे, देणंघेणं काही नाही. सकाळी मोबाईल उघडावा तर स्टेटसला नवा ट्रॅक्टर, हार घातलेला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. चौकातलं अभिनंदनाचं बॅनर तर वाऱ्यानं फाटेपर्यंत हलत नाही. तोंडानं "अरे वा" म्हणून होतं आणि त्याच वेळी पोटात कुठंतरी कळ येते.

त्या कळीपासून पुढं काय करायचं, ते इथं क्रमानं लिहितो. माझं मत आधीच सांगून ठेवतो. हेवा वाटणं थांबवता येत नाही, त्या भानगडीत पडू नये. आवरता येतात त्या दोन गोष्टी, तोंड आणि पैसा. त्या काही दिवस आवरल्या की दुखणं नेमकं कशाचं ते पाहता येतं, आणि ते तीनपैकी एक निघतं. ती गोष्ट आपल्याला हवी होती, किंवा ती आपल्या हक्काची होती, किंवा यातलं काहीच नाही, फक्त 'त्याला' मिळाली म्हणून दुखलं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गावातली निम्मी भांडणं या उपायांची अदलाबदल झाल्यानं होतात.

जवळचाच का खुपतो

मुंबईच्या उद्योगपतीनं विमान घेतलं तर आपण चहा पीतपीत ती बातमी वाचतो. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेल्यानं बुलेट घेतली की जेवण जात नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला मोजायला आपल्यासारखाच माणूस शोधतो. आता गावात आपल्यासारखा कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसलेला. तेवढंच वावर, तशीच काळी जमीन, त्याच सेवा सोसायटीचं कर्ज. बरेचदा एकाच आजोबाच्या सातबाऱ्यातून फुटलेला. शहरात घर बदललं की शेजारी बदलतो. आपल्याकडं चुलतभावाचं स्लॅबचं घर रोज दार उघडलं की समोर, आणि वावरात जायची पांदण त्याच्याच अंगणावरून जाते.

समृद्धी महामार्गाच्या वेळी हे उघड दिसलं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. आखणीची रेघ ज्याच्या वावरातून गेली त्याला रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, कित्येक पट मोबदला मिळाला. रेघ ज्याच्या धुऱ्याला घासून गेली त्याच्या वाट्याला बांधकामाची धूळ आणि पलीकडं जायला वळसा. दोघांचा पाऊस एक, बियाणं एक, कर्ज एक, फरक नकाशावरच्या रेघेचा. अशा वेळी ज्याला काहीच वाटलं नाही असं जो सांगतो, त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून 'मी एवढा कोत्या मनाचा कसा' हे स्वतःला विचारण्यात रात्र घालवू नका. षड्रिपूंच्या यादीत मत्सराचा नंबर शेवटचा असला तरी यादीत तो आहेच, आणि ती यादी काही एका माणसासाठी केलेली नव्हती.

पहिले तीन दिवस: तोंड

मौतीला गेल्यावर काय बोलायचं ते प्रत्येकाला ठाऊक असतं. आनंदाच्या बातमीला मात्र माणूस गडबडतो, आणि गडबडीत जे निघतं ते लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. म्हणून दोन-तीन वाक्यं आधीच तयार ठेवावी. आमच्याकडची चालण्यासारखी ही:

"बरं झालं बाप्पा. पोट्ट्यानं मेहनत केली, ते सगळ्यायनं पाह्यली."

"वहिनी, आयकून बरं वाटलं. पोट्टीले सांगजा, काकानं शाबासकी देल्ली म्हणून."

"काकाजी, आता पेढा तर पाह्यजेच."

वाक्य लहान असावं आणि त्यात एक तरी गोष्ट खरी असावी. मेहनत खरंच दिसली असेल तर मेहनत म्हणा; मेहनत दिसली नाही, नुसतं नशीब फळलं असेल तर "नशीब उघडलं भाऊ तुमचं" एवढं पुरे. 'तुमच्यापेक्षा जास्त आनंद मले झाला' असलं फुगवलेलं बोलणं समोरच्याला लगेच कळतं, आणि आपल्यालाही दिवसभर टोचत राहतं.

न बोलायची वाक्यंही ठरवून ठेवा. "किती देल्ले?" हे पहिलं. "वशिला कोनाचा होता?" हे दुसरं. तिसरं दिसायला काळजीचं असतं: "चांगलं झालं, पन आता पोस्टिंग गडचिरोलीले देतीन, पाह्यजा." या वाक्यातलं 'चांगलं झालं' आपण बोललेलो असतो आणि 'पन'च्या पुढचं सगळं हेवा बोललेला असतो. 'पन' तोंडावर आला की तिथंच पाणी प्यायला उठा. चौथं म्हणजे आपलंच रडगाणं, "आमच्या पोट्ट्याचं एका मार्कानं गेलं नाही तं." ते खरं असेल, दुःखही खरं असेल, पण ती वेळ त्याची नाही.

भेटायला जावं का? जावं, आणि तिसऱ्या दिवसाच्या आत जावं. पहिल्या संध्याकाळी ओसरीवर गर्दी असते, हास्यविनोद चाललेला असतो, आपला चेहरा लपवायला कष्ट पडतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी वावरात जाताजाता थांबा, दहा मिनिटं बसा. पेढा तिथंच खा. खिशात घालून घरी आणलेला पेढा ओट्यावर पडून राहतो, घरातला प्रत्येक जण 'हा कोनाचा' विचारतो आणि प्रत्येकाला पुन्हा सगळं सांगावं लागतं. न गेल्यानं काय होतं ते सांगायला नको. आठ दिवस टाळलं की टाळल्याची लाज चढते, लाजेपोटी आणखी टाळलं जातं, आणि मग दोन घरांतलं बोलणं बंद होतं. कारण विचारलं तर दोघांनाही सांगता येत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. लग्नाला सहा-सात वर्षं झालेली, घरात पाळणा अजून हललेला नाही, दवाखाने करून थकलेली बाई. आणि जावेचं किंवा शेजारणीचं डोहाळजेवण. तिला 'मन मोठं कर' म्हणणारे सगळे त्या दिवशी हिरव्या साड्यांच्या फोटोत असतात. हा हेवा आणि ट्रॅक्टरचा हेवा एका पंगतीत बसत नाहीत. यात हेव्यापेक्षा शोक जास्त आहे. तिनं त्या दिवशी गेलंच पाहिजे असं नाही. आदल्या दिवशी किंवा दोन दिवसांनी, गर्दी नसताना, खण-नारळ घेऊन एकटीनं जाऊन यावं. तेही झेपत नसेल तर सासूच्या नाहीतर नणंदेच्या हाती ओटी पाठवावी. कुणी विचारलं तर "त्या दिशी आंग दुखत होतं" एवढं उत्तर पुरतं, त्याच्यापुढं खुलासा द्यायला कुणी बांधील नाही. घरातल्या बाकीच्यांनी एक करावं: तिला ओटी भरायला पुढंही ढकलू नये आणि 'तू नको हात लावू' म्हणून मागंही सारू नये. दुसरी गोष्ट आपल्याकडं अजून होते, आणि त्या एका वाक्यानं झालेली जखम कुठल्याही बातमीपेक्षा खोल जाते.

पानठेल्यावरचा भाग

घरी तोंड सांभाळलं तरी पानठेल्यावर सुटतं. तिथं हेवा एकट्याचा राहत नाही, त्याला चार माणसं मिळतात. एक म्हणतो पैसे भरले, दुसरा आकडा सांगतो, तिसरा त्या आकड्यात भर घालतो. संध्याकाळपर्यंत ती बातमी होते आणि रात्री त्या मुलाच्या आईच्या कानावर जाते. कुणी बोलायला लागलं तर वाद घालू नका, तिथं वकिली करून कुणी जिंकत नाही. "मले काई माहीत नाई भाऊ" म्हणा आणि कापसाच्या भावाचा विषय काढा. कापसाचा भाव हा विषय कधीच वाया जात नाही.

हेवा बोलण्यावर थांबला नाही की हातात उतरतो. धुरा कोरणं, पाण्याचा पाईप कापणं, उभ्या पिकात ढोरं सोडणं. सोयाबीन कापून लावलेल्या गंजीला रात्री काडी लागल्याच्या बातम्या हंगामात कुठून ना कुठून येतातच. गंजी जाळणारा माणूस सकाळपर्यंत चांगला शेतकरीच असतो. रोज पानठेल्यावर ऐकून ऐकून त्याची खात्री पटलेली असते की समोरच्यानं आपलं काहीतरी खाल्लं आहे.

उलट्या बाजूनंही धोका आहे. ज्याचं बरं झालं त्याच्या घरी पुढं कुणी आजारी पडलं, बैल दगावला, की 'अमकीची नजर लागली', 'अमक्यानं करणी केली' सुरू होतं, आणि बोट बहुतेक वेळा एकट्या राहणाऱ्या बाईकडं जातं. कुणावर करणीचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हेवा वाटणं हा कुठल्याच कायद्यानं गुन्हा नाही.

एक हंगाम: पैसा

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तोंडानं झालेलं नुकसान माफी मागून भरतं, पैशाचं नाही.

२०२१–२२ च्या हंगामात कापूस १० हजार रुपये क्विंटलच्या वर गेला. ज्यांनी दिवाळीच्या आसपास विकला ते हळहळले, ज्यांनी घरात ठेवला त्यांची चांदी झाली. पुढच्या वर्षी गावोगाव लोकांनी कापूस विकलाच नाही. खोलीत, ओसरीत, माळ्यावर गंज लावून बसले, अंगाला खाज सुटेपर्यंत. भाव चढले नाहीत, उतरले. त्या साठवणुकीत हिशेब किती होता आणि 'गेल्या साली त्यानं कमावले, यंदा आपण' किती होतं, हे प्रत्येकानं आपल्या घरी बसून ठरवावं. मागच्या वर्षीचा बाजार दुसऱ्याच्या खिशातून पाहून यंदाचा निर्णय घेता येत नाही, एवढं मात्र खरं.

बोअरचंही तसंच. शेजाऱ्याच्या वावरात पाणी लागलं की आठ दिवसांत आपल्या वावरात गाडी उभी राहते. पश्चिम विदर्भाच्या बऱ्याच भागात खाली काळा पाषाण, बेसाल्ट आहे. त्यात पाणी सलग नसतं. भेगांत आणि कुजलेल्या थरात असतं. शेजाऱ्याच्या बोअरला ती भेग लागली म्हणून पन्नास पावलांवर आपल्याला लागेलच असं दगड मानत नाही. उसनवारीनं ५०० फूट कोरडं छिद्र पाडण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून पाहणं स्वस्त पडतं. पाणी दाखवणाऱ्याच्या हातावर नारळ उभा राहतो की आडवा पडतो, त्यावर मी तरी पैसे लावणार नाही.

म्हणून नियम करून टाका. दुसऱ्याची बातमी ऐकल्यावर एक हंगाम कुठलाही मोठा खर्च नाही, नवं कर्ज नाही, वावर विकणं नाही, पोरीच्या लग्नाचा बजेट वाढवणं नाही. ट्रॅक्टरची गरज बातमीच्या आधीही होती का, हे घरातल्या बाईला विचारा. तिला बहुधा आठवत असतं. हंगाम उलटल्यावरही गरज तशीच दिसली तर ती आपली गरज. तेव्हा घ्या, बिनधास्त घ्या.

मग कागद घ्या

आठ-दहा दिवसांनी, कळ थोडी बोथट झाली की, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एकच वाक्य लिहा: 'त्याला … मिळालं, आणि मला …'. मोकळ्या जागा भरा. मनात नका भरू, लिहा. मनातल्या मनात आपण दर वेळी वाक्य बदलतो. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा.

हीच गोष्ट दोन जिल्हे पलीकडच्या अनोळखी माणसाला मिळाली असती तर मला ती हवीशी वाटली असती का? 'हो' असेल तर ते हवेपण आहे.

ती कुठल्या नियमानं, यादीनं, योजनेनं मिळाली आणि त्या नियमात मीही बसतो का? 'हो' असेल तर तो हक्क आहे.

दोन्हींना 'नाही' आलं तर दुखणं माणसाचं आहे, वस्तूचं नाही. बरेचदा तिन्हींची सरमिसळ निघते. मग ज्याचा वाटा मोठा तिथून सुरुवात करा.

हक्काचं असेल तर

कर्जमाफीचं उदाहरण सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ झालं. जो बायकोचे दागिने मोडून वेळेत भरत होता त्याच्यासाठी ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन ठरलं, आणि तेही हाती यायला दोन-तीन वर्षं गेली. त्याला जे वाटलं त्याला हेवा म्हणून गप्प करणं अन्याय आहे. घरकुलाच्या यादीतही तेच, पीक विम्यातही तेच. एकाच शिवारात एकाला पैसे आले, दुसऱ्याला नाही. विम्याच्या बाबतीत बरीच वर्षं नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायची अट होती, आणि पुष्कळदा फरक एवढाच निघाला की एकानं कळवलं, दुसऱ्यानं नाही. हे नियम बदलत राहतात. चालू हंगामाला काय लागू आहे ते पेरणीच्या आधीच सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (आधीचे कृषी सहायक) लिहून घ्यावं.

हक्काच्या भांडणात एक पथ्य फार उपयोगी पडतं. अर्जात आपलं नाव यावं, त्याचं येऊ नये. 'माझं नाव यादीत का नाही, कोणत्या निकषावर वगळलं' असा अर्ज करा. 'त्याचं नाव यादीत कसं' असा करू नका. पहिल्या अर्जानं फार तर काम होतं. दुसऱ्यानं फार तर त्याचं घरकुल थांबतं, आपलं मंजूर होत नाही, आणि वैर तिसऱ्या पिढीपर्यंत जातं. यादी बनवण्यातच लबाडी झाली असेल आणि ती उघड करायची असेल तर जरूर करा, पण सगळ्या यादीबद्दल करा आणि ग्रामसभेत उभं राहून करा.

रीत सोपी आहे. आधी तोंडी विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली ग्रामपंचायतीत किंवा त्या त्या कार्यालयात अर्ज द्या. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. यादीविषयी असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपासच्या ग्रामसभांत विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. अर्ज टाकला की रात्रीचं तळमळणं पुष्कळ कमी होतं, हे मी कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे. दुखण्याला जायला जागा मिळते.

हवं असेल तर

मग त्याच्याकडं शिकायला जा. पेढ्यांच्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनी. आणि किती मिळाले ते विचारू नका, कसं केलं ते विचारा. आकडा कळल्यानं आपल्या हाती काही लागत नाही.

वरुड-मोर्शीकडं, काटोल-नरखेडकडं कुणाचा संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्यानं झाडावरच घेतला की तालुकाभर आकडा फिरतो. पण संत्रा लावल्यापासून खऱ्या अर्थानं फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात. त्या वर्षांत त्यानं टँकरनं पाणी घातलेलं असतं, डिंक्या रोगानं मेलेली झाडं उपटून पुन्हा लावलेली असतात, आणि तेव्हा त्याचा हेवा करायला कुणी गेलेलं नसतं. आपण तोडीचा दिवस मोजतो, तो लागवडीचं साल मोजतो. तर त्याला विचारा: कलमं कुठून आणली, जमीन किती खोल, मृग बहार धरतो की आंबिया, पाण्याचा ताण किती दिवस देतो, कोणत्या साली सगळ्यात जास्त तोटा झाला. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. शेतकरी त्यावर मन मोकळं करून बोलतो, आणि तासाभरात समोरचा माणूस बॅनरवरून खाली उतरून पुन्हा आपल्यासारखा होतो. ऐकून कळलंच की आपल्या जमिनीत ते होणार नाही, तरी एक मोठी गोष्ट कळली.

भरतीच्या पोरांसाठी वेगळं सांगतो. तालुक्याच्या अभ्यासिकेत चार वर्षं शेजारी बसलेला मित्र निघाला आणि आपण राहिलो, यासारखं तोडणारं दुसरं थोडंच असतं. त्याचा नंबर ब्लॉक करू नका. महिनाभर स्टेटस म्यूट करा. स्टेटसच्या यादीत त्याच्या नावावर बोट दाबून धरलं की पर्याय येतो, त्याला कळत नाही. मग आपले गुण काढा. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात आणि लेखीला १००. कमी कुठं पडलं, १६०० मीटरला, गोळ्याला की गणिताला, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. तेवढी एक गोष्ट घेऊन मित्राकडं जा: "भाऊ, तुह्या गणिताच्या वह्या देजो." नुकताच लागलेला माणूस दिलदार असतो, तो देतो. आणि किती वेळा बसायचं, वय कुठवर आहे, सोबत दुसरं काय करायचं, हे घरच्यांसमोर एकदा बोलून घ्या.

आईबापांनी जेवताना ताटात दुसऱ्याचा निकाल वाढू नये. "तो पाह्य, लागला. तू काय करून राह्यला?" हे वाक्य पोरगं अभ्यासाला बसावं म्हणून बोललं जातं. त्या वाक्यावर उठून अभ्यासाला बसलेला पोरगा मी पाहिला नाही. जेवण सोडून गेलेले पाहिले.

नुसतं 'त्याला' मिळालं म्हणून असेल तर

हे सगळ्यात कठीण, आणि इथं बहुधा जुनं काहीतरी असतं. वाटणीत गेलेली विहीर, वडिलांच्या आजारपणात न आलेला भाऊ, पंचायतीच्या निवडणुकीत पाडलेलं पॅनल. नवी बातमी फक्त ते जुनं उकरते. त्याच्या गाडीवर चिडण्यापेक्षा त्या विहिरीबद्दल एकदा बोलणं झालं तर बरं. मधला माणूस दोघांनाही मानणारा पाहावा, शक्यतो मामा.

याच वेळी एक मोह होतो. मोबदल्याच्या पैशावरून त्याच्या घरात भांडणं लागली, बहिणींनी हिस्सा मागितला, पोरगं गाडी घेऊन उंडारतं, हे ऐकलं की बरं वाटतं. दोन दिवस वाटतं. मग पुढच्या वाईट बातमीची वाट पाहायची सवय लागते आणि आपलं सुख त्याच्या घरच्या भांडणावर अवलंबून राहतं. बहिणींनी हिस्सा मागितला तर तो त्यांचा हक्कच आहे, २००५ पासून कायद्यानं बरोबरीचा; त्यात आपल्याला आनंद होण्यासारखं काही नाही.

सरावाची एक जुनी रीत आहे. बुद्धविहारात वंदनेला जाणाऱ्यांना मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा हे चार शब्द ओळखीचे आहेत. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखानं सुखी होणं. ती एकदम दुश्मनापासून सुरू करायची नसते, तशी केली तर फसते. आधी असा माणूस घ्यायचा ज्याच्या सुखानं आपण आपोआप हसतो. नातीनं पहिलं पाऊल टाकलं, जिवलग मित्राचं ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी पाच मिनिटं तेवढंच आठवायचं. मग ना घेणं ना देणं असा माणूस, समजा रोजच्या एसटीचा कंडक्टर. त्याच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ते चांगलं आहे, इतकं मनाशी म्हणायचं. काही आठवड्यांनी त्या नावाकडं यायचं. त्या दिवशी मन आडवं गेलं तर पुन्हा कंडक्टरवर या. देव मानत असा किंवा नसा, याला अडचण येत नाही.

बसून सराव जमत नसेल, आणि अनेकांना जमत नाही, तर हात वापरा. त्याच्या घरी लग्न असेल, घरभरणी असेल, तर पाहुण्यासारखं खुर्चीवर बसू नका, वरणाची बादली उचला आणि पंगतीत वाढायला लागा. खुर्चीवर बसलेल्याला मांडव, डीजे, आहेर मोजायला वेळ असतो. वाढणाऱ्याला कुणाच्या पानात भात नाही एवढंच दिसतं. दोन पंगती वाढून झाल्यावर तोच माणूस घामेजलेला येऊन म्हणतो, "भाऊ, आता तू बस." तिथं पुष्कळ काही सैल होतं.

कळ जात नसेल तर

काही वेळा बातमी निमित्त असते. 'सगळ्यायचं झालं, माहंच राह्यलं' हे वाक्य दोन आठवडे डोक्यातून जात नाही, झोप तुटते, भूक मरते, वावरात जावंसं वाटत नाही, दारू वाढते, किंवा आपण नसलो तर बरं असं मनात येतं. हा हेवा राहिलेला नाही. कर्जाखाली असलेल्या माणसात तर हे अजिबात हलक्यानं घ्यायचं नाही. आपल्या भागानं त्याची किंमत पुरेशी मोजली आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आणि घरात तसं कुणी बोलून दाखवलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा, आणि मग बाकीचं.

बातमी तुमच्याच घरची असेल तर

कधीतरी पेढे आपल्याला वाटायचे असतात. तेव्हा बॅनर छापायच्या आधी दोन-तीन घरी स्वतः जाऊन सांगून या: ज्याचा मुलगा याच परीक्षेला बसला होता, ज्याचं वावर रेघेच्या बाहेर राहिलं, ज्या बाईची ओटी रिकामी आहे. चौकात, दहा माणसांसमोर त्यांना कळू देऊ नका; घरात, चेहरा सावरायला वेळ मिळेल असं कळू द्या. आकडा सांगू नका, विचारला तरी. कुणाचे हातउसने घेतले असतील तर आधी ते फेडा, ट्रॅक्टरला हार नंतर घाला. आणि जो तिसऱ्या दिवसापर्यंत आला नाही त्याच्याबद्दल घरात बोलणं निघालं तर विषय बदला. तो पाचव्या दिवशी येईल, त्याच्यासाठी दोन पेढे काढून ठेवा.